मधल्या पायरीवरचा माणूस : गॉर्डन जॅक्सन आणि हडसनचा शिक्का

प्रकरण थोडक्यात

२१ डिसेंबर १९७५ च्या रविवारी ब्रिटनमध्ये ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ या मालिकेचा शेवटचा, ६८ वा भाग दाखवला गेला. त्यात अँगस हडसन हा बटलर रंगवणाऱ्या गॉर्डन जॅक्सनला दोनच दिवसांपूर्वी ५२ वं वर्ष पूर्ण झालं होतं. पडद्यावरची तेहेतीस वर्षं मागे होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश चित्रपटांपासून ‘द ग्रेट एस्केप’पर्यंत तो सतत दिसत आला होता, तरी लोक त्याला चेहऱ्याने ओळखत, नावाने क्वचितच. आता उलटंच झालं. आबालवृद्ध त्याला ओळखू लागले, पण हडसन म्हणून.

चरित्र अभिनेत्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात अवघड जागा. आपल्याकडेही एकदा इन्स्पेक्टर झालेला नट निवृत्तीपर्यंत इन्स्पेक्टरच राहतो. जॅक्सनने पुढच्या दोन वर्षांत जे केलं, त्यामुळे ब्रिटनमधली एक अख्खी पिढी त्याला बटलर म्हणून नव्हे, तर गुप्त पथकाचा कडक प्रमुख जॉर्ज काउली म्हणून ओळखते. हे कसं झालं आणि त्याची काय किंमत पडली, हे इथे पाहायचं आहे.

पार्श्वभूमी : ड्रॉइंग बोर्ड ते ईलिंग

जॅक्सनचा जन्म १९ डिसेंबर १९२३ चा, ग्लासगोचा. पाच भावंडांत तो शेंडेफळ. हिलहेड हायस्कूलमध्ये असताना बीबीसी रेडिओच्या मुलांच्या कार्यक्रमांत त्याने आवाज दिला होता. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो रोल्स-रॉइसमध्ये ड्राफ्ट्समन म्हणून लागला. १९४२ मध्ये ईलिंग स्टुडिओला ‘द फोरमन वेंट टू फ्रान्स’साठी एक तरुण स्कॉटिश मुलगा हवा होता. जॅक्सनचं नाव सुचवलं गेलं आणि त्याला भूमिका मिळाली.

चित्रपट संपल्यावर तो परत ड्रॉइंग बोर्डवर गेला, आणि या प्रकरणातला पहिला निर्णयबिंदू इथेच आहे. नोकरीवर लाथ मारून नट झाल्याची गोष्ट ऐकायला गोड लागते, पण इथे तसं घडलं नाही. दुसरा चित्रपट आला, तिसरा आला, आणि कामाचा ओघ टिकतो आहे असं दिसल्यावरच अभिनय हा पूर्णवेळचा धंदा झाला. जोडीला ग्लासगो, वर्दिंग आणि पर्थ इथल्या रंगमंडळांत उमेदवारी चालू होती. त्या काळच्या अशा रंगमंडळांत संध्याकाळी एक नाटक उभं असे आणि दिवसा पुढच्या नाटकाची तालीम. आठवड्या-दोन आठवड्यांनी नाटक बदले. नायकाच्या भूमिकेची वाट पाहत बसायला तिथे कुणाला सवड नव्हती. आज पोस्टमन, उद्या न्यायाधीश. पाठांतर पक्कं, हालचाल नेमकी आणि दुसऱ्याच्या वाक्याला जागा सोडणं ही शिस्त तिथे अंगात मुरते. पुढच्या सगळ्या प्रवासात ही शिदोरी उपयोगी पडली.

चित्रपटांत मात्र साचा लवकर बसला. ‘द फोरमन वेंट टू फ्रान्स’मध्ये तो स्कॉटिश सैनिक होता. ‘मिलियन्स लाइक अस’ (१९४३) मध्ये लग्न होऊन थोड्याच काळात विमानासह हरवणारा लाजरा स्कॉटिश वैमानिक दलाचा जवान. ‘द कॅप्टिव्ह हार्ट’ (१९४६) मध्ये युद्धकैदी छावणीतला, दृष्टी गेलेला स्कॉटिश अधिकारी. ‘पिंक स्ट्रिंग अँड सीलिंग वॅक्स’मध्ये तो स्कॉटिश नव्हता, पण कडक बापाच्या धाकातला मुलगा होता. तोच धाक १९४९ च्या ‘व्हिस्की गलोर!’मध्ये आईकडून आला. बारा बेटावर चित्रित झालेल्या या विनोदी चित्रपटात तो शाळामास्तर आहे आणि आईपुढे त्याचं तोंड उघडत नाही. बुडालेल्या जहाजातली व्हिस्की पोटात गेल्यावर एकदाचा तो आईला उलट उत्तर देतो.

त्याच वर्षीच्या ‘फ्लडटाइड’मध्ये मात्र तो नायक होता, क्लाइड नदीवरच्या जहाजबांधणीच्या पार्श्वभूमीवर. नायिका रोना अँडरसन. १९५१ मध्ये दोघांनी लग्न केलं. नायक म्हणून त्याची गाडी पुढे गेली नाही. चेहरा देखणा होता, पण पडद्यावर तो दुसऱ्याचं ऐकताना जितका जिवंत वाटे, तितका स्वतः बोलताना वाटत नसे. हे उणं म्हणून सांगत नाही. दुसरा बोलत असताना ज्याच्या चेहऱ्याकडे कॅमेरा वळवावासा वाटतो, त्याच्या घरी चूल चाळीस वर्षं पेटती राहते.

खरा पेच : बोलीचा

जॅक्सनच्या कारकिर्दीचं कुलूप आणि किल्ली दोन्ही त्याच्या बोलीत आहेत. म्हणून ती कानाला कशी लागते, ते आधी पाहू.

लंडनच्या शिष्ट इंग्रजीत ‘कार’मधला ‘र’ गिळला जातो, मागे नुसता लांब ‘का’ उरतो. स्कॉटिश माणूस तो ‘र’ वाजवतो. ‘फेस’मधला ‘ए’ किंवा ‘बोट’मधला ‘ओ’ लंडनकर तोंडात वळवतो, एका स्वराचे दोन करतो. स्कॉटिश उच्चारात तो एका जागी स्थिर राहतो, आपल्या मराठी ‘ए’ आणि ‘ओ’सारखा. ‘व्हिच’ आणि ‘विच’ या दोन शब्दांतला फरक लंडनमध्ये केव्हाच पुसला गेला, पण जुना स्कॉटिश उच्चार पहिल्या शब्दातली फुंकर जपतो. मराठी कानाला स्कॉटिश इंग्रजी बऱ्याचदा सोपी वाटते, ती याच कारणांनी.

पण स्कॉटिश बोलीतही थर आहेत. ग्लासगोच्या गोदीतल्या ठसक्यात ‘हाउस’चं ‘हूस’ होतं. ती बोली स्कॉटलंडबाहेर चटकन समजत नाही, आणि चित्रपटात ती हशा पिकवण्यासाठी वापरली जाई. त्याच्या वरचा थर शिकलेल्या स्कॉटिश माणसाचा. शब्द आणि व्याकरण प्रमाण इंग्रजीचं, उच्चार स्कॉटिश. जॅक्सनने हा मधला थर धरला आणि सोडला नाही.

इंग्लंडमध्ये माणूस तोंड उघडतो तेव्हा त्याचा वर्ग उघडा पडतो. बापाचा धंदा, शाळा, शहराचा कुठला भाग हे ऐकणाऱ्याला दोन वाक्यांत कळतं. शिकलेली स्कॉटिश बोली वर्गाच्या या शिडीवर बसतच नाही. असा माणूस डॉक्टर असेल, इंजिनिअर असेल, शाळामास्तर असेल किंवा सुभेदार असेल. ऐकणाऱ्याला फक्त एवढंच वाटतं की हा शिस्तीचा आहे आणि याला आपलं काम येतं. ब्रिटिश चित्रपटांत जहाजाचा इंजिनिअर आणि गावचा डॉक्टर इतक्या वेळा स्कॉटिश का असतो, त्याचं हेच कारण.

दुसरी बाजू अशी की या बोलीला ठरावीक भूमिकांचा एक कप्पा नेमून दिलेला होता आणि त्याबाहेर फारसं बोलावणं येत नसे. याचं ठळक उदाहरण जॉन लॉरी. स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीसचा हा नट लंडनच्या ओल्ड व्हिक या नाट्यगृहात आणि स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरच्या मोठ्या भूमिका करून चुकला होता. लॉरेन्स ऑलिव्हिएने दिग्दर्शित केलेल्या शेक्सपिअरच्या तिन्ही चित्रपटांत तो आहे. तरी वयाच्या ७१ व्या वर्षी, १९६८ मध्ये सुरू झालेल्या ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेतला सगळं वाटोळं होणार म्हणून डोळे वटारणारा फ्रेझर हीच त्याची ओळख उरली.

जॅक्सनने १९५० आणि ६० च्या दशकांत कप्प्याच्या भिंती हळूहळू बाहेर सारल्या. १९५५ मध्ये ऑर्सन वेल्सच्या ‘मोबी डिक—रिहर्स्ड’ या नाटकात तो इश्माएल होता, म्हणजे घडलेलं पाहणारा आणि सांगणारा. १९६० च्या ‘ट्यून्स ऑफ ग्लोरी’त स्कॉटिश पलटणीचा ॲड्जुटंट, म्हणजे कर्नलच्या हाताखाली कारभार पाहणारा अधिकारी. दोन कर्नलांच्या भांडणात पलटण कोसळत जाते, ते सगळं हा मधला अधिकारी उघड्या डोळ्यांनी पाहतो आणि त्याला फार काही करता येत नाही. १९६९ मध्ये टोनी रिचर्डसनच्या ‘हॅम्लेट’मध्ये तो होरेशिओ, म्हणजे हॅम्लेटचा मित्र झाला आणि त्या कामासाठी त्याला क्लेरन्स डरवेंट पुरस्कार मिळाला. होरेशिओ हाही राजा नव्हे, राजपुत्र नव्हे. पाहणारा आणि मागे उरणारा. त्याच वर्षी आलेल्या ‘द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडी’त तो बाईंच्या तालावर नाचणारा संगीतशिक्षक आहे आणि शेवटी ज्या रसायनशास्त्राच्या शिक्षिकेकडे वळतो, ती भूमिका रोना अँडरसनने, म्हणजे त्याच्या पत्नीनेच केली आहे.

‘द ग्रेट एस्केप’ (१९६३) मधला प्रसंग बहुतेकांना आठवत असेल. युद्धकैद्यांच्या छावणीतून पळणाऱ्यांची तो कसून परीक्षा घेतो, कुणी अचानक इंग्रजीत बोललं तर इंग्रजीत उत्तर देऊ नका म्हणून. पुढे बसमध्ये चढताना जर्मन अधिकारी त्यालाच इंग्रजीत शुभेच्छा देतो, याच्या तोंडून ‘थँक यू’ निसटतं आणि तो पकडला जातो. प्रसंग काही सेकंदांचा आहे. तो इतका लागतो, कारण चूक करणारा माणूस चुका न करणारा वाटतो. विश्वास बसवणं ही जॅक्सनच्या चेहऱ्याची कमाई होती. इथे तीच कमाई एका क्षणात मोडून दाखवली आहे.

हडसन : कप्पा मोठा झाला आणि दार लागलं

‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ची कल्पना जीन मार्श आणि आयलीन ॲटकिन्स या दोन अभिनेत्रींची. लंडनच्या बेलग्रेव्हिया भागातलं १६५, ईटन प्लेस हे घर. वरच्या मजल्यांवर बेलामी कुटुंब, तळघरात नोकर. कथेचा काळ १९०३ ते १९३०. मालिकेची सुरुवात अडखळतच झाली. त्या वेळी आयटीव्ही या खासगी दूरचित्रवाणी वाहिनीच्या तंत्रज्ञांनी रंगीत उपकरणांवरून बहिष्कार पुकारला होता, त्यामुळे सुरुवातीचे काही भाग कृष्णधवल चित्रित करावे लागले. ऑक्टोबर १९७१ मध्ये मालिका आली तीही रविवारी रात्री उशिराच्या वेळेला.

नोकरांच्या दालनात बटलर सगळ्यांत वर. फूटमन, पार्लरमेड, हाउसमेड, स्वयंपाकघरातली पोर सगळ्यांवर त्याची नजर. स्वयंपाकीणबाईंचं राज्य मात्र स्वतंत्र, तिथे बटलरनेही जपून बोलावं. दारूच्या तळघराच्या किल्ल्या आणि चांदीची भांडी त्याच्या ताब्यात. जिना चढून वर गेला की तोच माणूस वाकून हुकूम ऐकतो. म्हणजे हडसनची खरी जागा जिन्यात, मधल्या पायरीवर. तळघरात तो मालक आणि दिवाणखान्यात चाकर, आणि दिवसातून पन्नास वेळा त्याला हा पालट करायचा.

इंग्रज नटाने हे केलं असतं तर बोलीचा प्रश्न आला असता. लंडनची गावठी बोली झाकून शिष्ट बोलणारा बटलर घेतला तर तो विनोदाकडे झुकतो. मालकासारखाच बोलणारा घेतला तर जिन्याचे दोन्ही मजले एकाच आवाजात ऐकू येतात. स्कॉटिश हडसन या शिडीबाहेरचा. त्याला वर आणि खाली एकाच आवाजात बोलता येतं. बदलतो तो फक्त वेग आणि मानेचा कोन. वर वाक्यं आखूड आणि सपाट, खाली तीच वाक्यं ‘र’ला जोर देऊन, शेवटचा शब्द टेबलावर ठेवल्यासारखा. जॅक्सनने भूमिका ताठ कण्यावर उभी केली आणि भावना हातांकडे सोपवली. काम अडलं की हात थांबतात, तोंडावर मात्र काही उमटत नाही.

मालिका व्हिडिओवर, स्टुडिओत, एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी चित्रित होई. आधी हॉलमध्ये जमिनीवर पट्ट्या चिकटवून खोल्यांची आखणी करायची, तिथे तालीम करायची आणि मग स्टुडिओत लांबच लांब प्रसंग सलग वाजवायचे. रंगमंडळातून आलेल्या नटाला हे घरच्यासारखं. चूक झाली तर तुकडा कापून दुसरा जोडणं त्या काळी जिकिरीचं होतं, म्हणून न अडखळणाऱ्या नटाची किंमत मोठी.

१९७६ मध्ये या भूमिकेसाठी त्याला अमेरिकेचा एमी पुरस्कार मिळाला. तो एका ठरावीक भागातल्या कामासाठी होता, हे ध्यानात ठेवावं. ‘द बीस्टली हन’ या भागात पहिल्या महायुद्धातल्या जर्मनद्वेषाची लाट घराच्या तळघरापर्यंत येते आणि शहाणा हडसनही तिच्यात वाहत जातो. आधीच्या भागांत बांधलेल्या भिंतीला एका भागात तडा जातो. पाचव्या पर्वात तरुण मोलकरणीच्या मोहात पडून तो स्वतःचं हसं करून घेतो, तिथेही तेच तंत्र आहे. भिंत पक्की बांधलेली असेल तरच तडा दिसतो.

१९७६ : समोरचे रस्ते

मालिका संपल्यावर जॅक्सनच्या जागी असलेल्या नटापुढे ढोबळमानाने चार वाटा होत्या.

पहिली, हडसनलाच पुढे न्यायचं. शेवटच्या भागात हडसनचं स्वयंपाकीण मिसेस ब्रिजेसशी लग्न होतं. दोघं समुद्रकाठी खानावळवजा निवास चालवतात अशी पुढची मालिका विचारात होती. फेब्रुवारी १९७६ मध्ये मिसेस ब्रिजेस रंगवणाऱ्या अँजेला बॅडली वारल्या आणि ती वाट बंद झाली. माझ्या मते हे दुःखातलं इष्टच म्हणावं लागेल. ती मालिका चालली असती, भरपूर चालली असती, आणि जॅक्सन कायमचा ॲप्रनशेजारी उभा राहिला असता.

दुसरी, मालिकांना रामराम ठोकून रंगभूमीवर जायचं. प्रतिष्ठा मिळते, हात स्वच्छ राहतात. पण लंडनच्या रंगभूमीचं आठवड्याचं मानधन दूरचित्रवाणीच्या जवळपास जात नाही, आणि प्रेक्षक तिकीट काढतो ते हडसनला प्रत्यक्ष बघायला. शिक्का पुसला जात नाही, नुसता झाकला जातो.

तिसरी, जुन्याच पद्धतीने चित्रपटांत लहान-मोठ्या भूमिका घेत राहायच्या. तोवरची कारकीर्द अशीच झाली होती. पण सत्तरच्या दशकाच्या मध्यात ब्रिटिश चित्रपटधंदाच ढासळत होता. दोन दिवसांच्या कामाने पाच वर्षांची ओळख पुसता येत नाही.

चौथी वाट उफराटी. एक शिक्का दुसऱ्या शिक्क्याने मोडायचा. तेवढ्याच मोठ्या, पण अगदी निराळ्या जातकुळीच्या लांब मालिकेत शिरायचं. धोका उघड आहे. नवी मालिका पडली तर लोक म्हणणार, बटलरला पिस्तूल झेपलं नाही. चालली तर पुन्हा पाच वर्षं बांधून घ्यायची.

काय केलं

त्याने चौथी वाट घेतली. ब्रायन क्लेमेन्सने निर्माण केलेल्या ‘द प्रोफेशनल्स’ या मालिकेत त्याने सीआय-फाइव्ह या काल्पनिक गुप्त पथकाचा प्रमुख जॉर्ज काउली स्वीकारला. मालिका ३० डिसेंबर १९७७ ला सुरू झाली. मार्टिन शॉ आणि लुइस कॉलिन्स हे दोन तरुण धावणार, गाड्या उडवणार, गोळ्या झाडणार. काउली त्यांना कामाला लावणार आणि सरकारपुढे त्यांची बाजू सांभाळणार.

वरवर पाहिलं तर बटलर आणि गुप्तहेरांचा प्रमुख यांत जमीन-अस्मानाचा फरक. नीट पाहिलं तर जागा तीच. वर मंत्री आणि सरकार, खाली हाताखालची पोरं, मध्ये हा. वरच्यांपुढे नेमकं तेवढंच बोलायचं, खालच्यांपुढे वाकायचं नाही, आणि दोघांच्या चुका आपल्या अंगावर घ्यायच्या. बोलीही तीच, शिकलेल्या स्कॉटिश माणसाची. आणि ती इथेही तोच डाव साधते. इंग्रज शिष्ट बोलीतला प्रमुख म्हणजे सरंजामी साहेब, गावठी बोलीतला म्हणजे बढती मिळालेला हवालदार. काउली दोन्ही नाही. तो कुठल्या घराण्याचा हे प्रेक्षक विचारतच नाही.

मग बदललं काय? हडसन सतत उभा असतो आणि काउली हवं तेव्हा बसतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण सत्तेचा सगळा हिशेब त्यात येतो. हडसन मालकांसाठी दारू ओततो, काउली स्वतःसाठी माल्ट व्हिस्की ओततो आणि पाजायची की नाही हे तो ठरवतो. हडसनचं चालणं निःशब्द. काउलीच्या पायात जुनी गोळी आहे, तो लंगडतो. हडसनला राग गिळावा लागतो, काउलीचा राग मोकळा. जॅक्सनने या मोकळीकीची उधळपट्टी केली नाही. पाच वाक्यं खालच्या पट्टीत, सहावं एकदम वर, आणि ‘र’ चाबकासारखा.

लंगडणं हे नटासाठी दुधारी साधन असतं. ‘द प्रोफेशनल्स’ १६ मिलिमीटर फिल्मवर, बरंचसं बाहेर, एका कॅमेऱ्याने चित्रित होई. कथेतला शेवट सोमवारी आणि सुरुवात गुरुवारी. अशा वेळी कोणता पाय, किती लंगडणं, दमल्यावर किती, घाईत किती हे नटालाच लक्षात ठेवावं लागतं. एका प्रसंगात जास्त आणि पुढच्यात नाहीसं झालं की प्रेक्षक हसतो. त्यावर जुना उपाय असा की लंगडणं कायमचं न ठेवता थंडीला, जिन्याला किंवा रागाला बांधून टाकायचं. मग कमी-जास्त झालं तरी त्याला कारण असतं.

आणखी एक गोष्ट सहज डोळ्यांआड होते. पहिल्या पर्वात सुरुवातीच्या शीर्षकांवर पथकाची ओळख करून देणारं निवेदन जॅक्सनच्या आवाजात आहे. तरुणांचे चेहरे दिसायच्या आत प्रेक्षकाच्या कानावर हडसनचा आवाज पडतो, पण दहशतवाद आणि हिंसाचाराबद्दल बोलताना. म्हणजे निर्मात्यांनी ओळखीचा आवाज लपवला नाही, सगळ्यात पुढे उभा केला. जॅक्सनने दाढी वाढवून, बोली बदलून, चेहरा रंगवून हडसनपासून पळ काढायचा प्रयत्न केला असता, तर प्रेक्षकाने दर भागात खालचा बटलर शोधला असता.

परिणाम

‘द प्रोफेशनल्स’ ५७ भाग चालली आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये संपली. हिंसेवरून तिच्यावर टीका भरपूर झाली. प्रेक्षकही भरपूर मिळाले. १९७९ मध्ये जॅक्सनला ओबीई हा ब्रिटिश सरकारी किताब मिळाला. हडसन पुसला गेला नाही, पण तो एकटा उरला नाही. रस्त्यात भेटणारे आता दोन नावांनी हाक मारू शकत होते.

याचं फळ १९८१ मध्ये दिसलं. ‘अ टाउन लाइक ॲलिस’ या ऑस्ट्रेलियन मालिकेत त्याने नोएल स्ट्रॅकन हा लंडनचा म्हातारा वकील केला. एका स्कॉटिश माणसाच्या मृत्युपत्राचा तो विश्वस्त, आणि वारस ठरलेल्या तरुणीच्या आयुष्यभराच्या कहाणीचा साक्षीदार. तिच्यावर जडलेला जीव तो कधी शब्दांत आणत नाही. मृत माणूस आणि जिवंत वारस यांच्या मधली ही जागा, तिथेही तोच. हिच्यासाठी त्याला ऑस्ट्रेलियाचा लोगी हा दूरचित्रवाणी पुरस्कार मिळाला. नुसता बटलर राहिलेल्या नटाकडे ही भूमिका गेली असती का, याची मला शंका आहे. नुसत्या काउलीकडेही गेली नसती. दोघांची बेरीज लागत होती: हडसनचं मौन आणि काउलीचा अधिकार.

डिसेंबर १९८९ मध्ये हाडांच्या कर्करोगाचं निदान झालं. १५ जानेवारी १९९० ला लंडनमध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी तो गेला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला मुद्दा वेळेचा. ४७ ते ५७ ही दहा वर्षं चरित्र अभिनेत्याची खरी सुगी. चेहऱ्यावर आयुष्य उमटलेलं असतं आणि गुडघे अजून साथ देतात. या दहा वर्षांतला मोठा वाटा एकाच दूरचित्रवाणी कंपनीच्या दोन मालिकांनी घेतला. होरेशिओच्या पुढचा टप्पा, शेक्सपिअरच्या उतारवयातल्या भूमिका, त्या सुगीत पडद्याआड राहिला. दोन मालिकांच्या मधल्या सुमारे दीड वर्षाच्या फटीत एखादं मोठं नाटक उभं राहिलं असतं, तर तिसरी ओळखही सोबत आली असती.

दुसरा मुद्दा भूमिकेच्या लेखनाचा. हडसनला जसे तडा जाणारे भाग मिळाले, तसे काउलीला कमी मिळाले. ‘द रॅक’सारखा एखादा भाग आहे, ज्यात कोठडीतल्या मृत्यूवरून पथकालाच चौकशीला उभं राहावं लागतं आणि काउलीला पोरांची बाजू मांडताना स्वतःच्या पद्धतीचाही जाब द्यावा लागतो. अशा ठिकाणी जॅक्सन पुन्हा ‘ट्यून्स ऑफ ग्लोरी’तल्या ॲड्जुटंटइतका खोल जातो. बाकी अनेक भागांत त्याचं काम सुरुवातीला हुकूम देणं आणि शेवटी खडसावणं एवढंच उरतं. धावपळीच्या मालिकेत टेबलामागच्या माणसाचं हे ठरलेलं नशीब. लांब करार करतानाच दर पर्वात किमान दोन भाग आपल्या पात्राभोवती असावेत अशी अट घालायला एमी विजेत्या नटाला अवघड नव्हतं. तिसऱ्या पर्वात मागून ती मिळत नाही, कारण तोवर मालिका कशावर चालते हे आकड्यांनी ठरवून टाकलेलं असतं.

तिसरा मुद्दा बोलीचा आणि तो वादाचा आहे. जॅक्सनने कधीतरी ग्लासगोचा खालचा थर, तो गोदीतला रांगडा आवाज, गंभीर भूमिकेत वापरायला हवा होता असं मला वाटतं. सत्तरच्या दशकात स्कॉटलंडच्या रंगभूमीवर तीच बोली ताकदीने पुढे येत होती, हशासाठी नव्हे तर गाऱ्हाणं मांडण्यासाठी. पण जॅक्सनचा संसार आणि बाजार दोन्ही लंडनमध्ये होते. लंडनला समजणारी स्कॉटिश बोली हेच त्याचं भांडवल. ते मोडून दुसरं उभारायला लागणारी वर्षं पंचावन्नाव्या वर्षी कुणाकडे असतात?

चौथं, म्हणजे केलेलंच थोडं आधी करायला हवं होतं. काउलीचं चित्रीकरण आटोपल्यावर तो रंगभूमीवर परतला. आधी १९८१ च्या अखेरीस व्होडव्हिल थिएटरमध्ये अगाथा ख्रिस्तीच्या ‘कार्ड्स ऑन द टेबल’मध्ये पोलीस अधिकारी म्हणून, आणि मग १९८२ मध्ये लंडनमधल्याच हॅमरस्मिथच्या लिरिक थिएटरमध्ये ‘मास अपील’ या दोन पात्रांच्या नाटकात. पहिलं नाटक काउलीच्या प्रेक्षकाला सोबत घेऊन येणारं, सोयीचं. दुसऱ्यात मात्र एक वयस्क, लोकप्रिय, सुखवस्तू पाद्री आणि समोर खरं बोलण्याचा हट्ट धरणारा, पाद्री होऊ पाहणारा तरुण. वर चर्चचे वरिष्ठ, खाली हा पोरगा. मधल्या पायरीवरच्या माणसाला इथे एकदाचं कुठल्या बाजूला उतरायचं ते ठरवावं लागतं, तेही रोज रात्री, कॅमेऱ्याच्या आधाराशिवाय. तेव्हा जॅक्सन ५८ वर्षांचा होता.